‘देव आपल्यावर प्रीती करतो’ : या वाक्याला अर्थ आहे काय?



काही वर्षांपूर्वी एका लहान मुलाच्या अंत्यविधीनंतर त्याच्या वडिलांनी आम्हांला दफनभूमीच्या फाटकाशी थांबवले. “फादर, देव प्रेमळ आहे असे तुम्ही प्रवचनात म्हणालात. तो प्रेमळ नसता, तर याहून वेगळे काय झाले असते?” आम्ही ‘देवाची इच्छा’ असे काहीतरी पुटपुटलो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या आम्हांला प्रश्न ओळखीचा होता. उत्तर मात्र सुचले नाही.

1936 साली ए. जे. एअर या पंचविशीतल्या इंग्रज तत्त्वज्ञाने लिहिले की, जे विधान व्याख्येनेच खरे ठरत नाही आणि अनुभवाने पडताळताही येत नाही, ते खोटे नव्हे, तर निरर्थक असते. म्हणजे ‘देव आहे’ हे निरर्थक आणि ‘देव नाही’ हेही निरर्थक. नास्तिकांचीही पंचाईतच! पुढे टीकाकारांनी दाखवले की, हा नियम स्वतःच पडताळता येत नाही. वर्गात आम्ही यावर खूप हसलो होतो.

पण तेवढ्याने सुटका होत नाही. 1950 साली अँटनी फ्लू यांनी अधिक अवघड प्रश्न टाकला: काय घडले, तर देव प्रेम करीत नाही असे तुम्ही मान्य कराल? उदाहरण त्यांनी घशाच्या कर्करोगाने मरणाऱ्या बालकाचे घेतले. पृथ्वीवरचा बाप वेडापिसा होतो. स्वर्गातला पिता मात्र काहीच करताना दिसत नाही. ‘देवाचे प्रेम माणसासारखे नसते’ असे म्हणत आपण दर वेळी माघार घेतली, तर त्या वाक्यात शेवटी उरते काय?

बेझिल मिचेल यांनी फ्लू यांना गोष्टीतून उत्तर दिले. शत्रूने व्यापलेल्या देशात एका लढवय्याला रात्री एक अनोळखी माणूस भेटतो. ‘मी तुमच्याच बाजूचा आहे, काहीही झाले तरी विश्वास ठेव,’ असे सांगतो. पुढे तो कधी मदत करताना दिसतो, तर कधी पोलिसांच्या गणवेशात देशभक्तांना पकडून देताना. लढवय्या विश्वास सोडत नाही. परंतु जे दिसते ते विश्वासाच्या विरुद्ध जाते, हेही तो नाकारत नाही. त्याला ते छळते. ज्याला ते छळतच नाही, त्याचे शब्द पोकळ, असे मिचेल यांचे म्हणणे.

यावरून देव प्रेमळ आहे हे सिद्ध होत नाही. अर्थ असणे वेगळे आणि खरे असणे वेगळे. पण त्या दिवशी फाटकाशी पोकळ कोण बोलले, हे आम्हांला कळून चुकले. त्या वडिलांच्या प्रश्नात ‘देव प्रेमळ आहे’ या शब्दांना पुरता अर्थ होता. म्हणून तर ते शब्द त्यांना सलत होते. आमच्या ‘देवाच्या इच्छे’त तो नव्हता. तक्रारीची स्तोत्रे ख्रिस्तसभेच्या प्रार्थनेत आहेत, आणि प्रभूने क्रूसावर त्यांतलेच एक उच्चारले.

महिन्याभराने आम्ही त्यांच्या घरी गेलो. उत्तर आणलेले नाही, असे दारातच सांगितले. “मग बसा, फादर,” ते म्हणाले.