ठासणीची बंदूक घरी येण्याआधी

भाच्या, तुझ्या वडिलांना जाऊन वर्ष होत आलं आणि त्यांची ठासणीची बंदूक अजून पोलीस ठाण्यातच आहे. कागद नावावर करून घ्यायला तू निघालास ते बरंच झालं. पण परवा मोबाईलवर तो परदेशातला बुवा दाखवलास, टेबलावर तराजू मांडून रायफलची काडतुसं भरणारा, आणि 'मामा, असं आपल्याकडं जमेल का? शिकारीला बरं पडेल' म्हणालास, तेव्हा माझा चहा घशातच राहिला. तुझ्या मामीसमोर बोललो नाही. आता लिहून देतो. यातली निम्मी अक्कल माझ्या चुकांची आहे, उरलेली तुझ्या आजोबांच्या.

१. रायफलचं काडतूस घरी भरायचं डोक्यातून काढून टाक — १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आपल्या शेतराखणीच्या कागदात तो बसत नाही. त्या बुवाच्या देशात त्याची दुकानं आहेत, आपल्याकडं त्याचा खटला होतो.

२. शिकारीचं तर नावही नको — १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडची शिकार संपली. तुझे पणजोबा भेकर मारून आणत, तो काळ त्यांच्याबरोबर गेला.

३. बंदूक वारशानं येते, परवाना येत नाही. परवानाधारक वारला की हत्यार ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानदाराकडं जमा करायचं आणि वारसानं आपल्या नावानं अर्ज करायचा — तोवर तिला घरात ठेवणारा कायद्यापुढं गुन्हेगार, मग ती आजोबांची असो की पणजोबांची.

४. परवान्याची मुदत पूर्वी ३ वर्षं होती, २०१९ च्या दुरुस्तीनं ५ झाली. तारीख कपाटाच्या दाराला आतून खडूनं लिही आणि दोन महिने आधी अर्ज टाक — लांबची तारीख माणूस जवळच्यापेक्षा लवकर विसरतो.

५. तानसा अभयारण्य तुझ्या बांधापासून किती लांब, ते एकदा नकाशावर मोज. हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वन्यजीव खात्याकडं नाव नोंदवायचं असतं, आणि लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन आत पाऊल टाकायचं नसतं — पायवाट जवळची पडते म्हणून खांद्यावर बंदूक टाकून त्या रानातून निघालास, तर डुक्कर न मारताच आरोपी होशील. मुरबाडकडं भीमाशंकरच्या हद्दीलाही हेच.

६. निवडणूक लागली की बंदूक जमा करायचा निरोप येतो. २०२४ मध्ये लोकसभेला एकदा आणि विधानसभेला पुन्हा, अशी वर्षात दोनदा वेळ आली. पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेव — मी शर्टाच्या खिशात ठेवली होती, मामीनं शर्ट धुतला, आणि बंदूक परत मिळवायला मला चार खेपा पडल्या.

आता बारुदीचं. कागदाची चूक खेपा घालून निस्तरता येते, हिची येत नाही.

७. दारू आणि केपा परवान्याच्या दुकानातूनच घे, पावतीसकट. 'घरची आहे, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याला चहा पाज आणि वाटेला लाव — स्वस्त दारूचा हिशेब बोटांनी चुकवावा लागतो, आणि ती दहाच असतात.

८. काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीच्या नळीत कधी घालायची नाही, थोडीसुद्धा नाही — ती बिनधुराची, तिचा जोर काळ्या दारूपेक्षा कितीतरी जास्त, आणि आपली नळी तेवढ्यासाठी घडवलेलीच नाही. 'थोडी घातली तर काय होतं' असं विचारणारे एक गृहस्थ मी पाहिलेत. पुढं ते डाव्या हातानं जेवायला शिकले.

९. दारू एका खोलीत, केपा दुसऱ्या खोलीत, आणि चूल दोन्हींपासून लांब — दोघी भांडखोर जावा आहेत, वेगळ्या राहिल्या की घर शांत.

१०. मृगाच्या आधी डबा उघडून बघ. काळी दारू आपल्याकडच्या पावसात ओल धरते, गठ्ठे होतात. गठ्ठा झालेली दारू उन्हात सुकवून वापरायची नाही, चुलीशेजारी तर नाहीच — ओली दारू माघार घेते आणि अर्धवट सुकलेली दारू वेळ चुकवून उडते.

११. शिंगातून थेट नळीत दारू ओतू नकोस, आधी मापात काढ, मग माप नळीत. आणि बार काढल्यावर लगेच दुसरा भरायची घाई नको — नळीत आधीच्या बाराची ठिणगी राहिली असेल तर मापातली दारू भुर्रकन जाईल आणि भुवई जळेल. शिंगाला ठिणगी लागली, तर भुवईची चिंताच उरणार नाही.

१२. हा मुद्दा दोनदा वाच. गजावर चाकूनं दोन खुणा कर. रिकाम्या नळीत गज तळाला टेकला की नळीच्या तोंडाशी पहिली, आणि नेहमीचा बार ठासून टेकला की तोंडाशी दुसरी. पहिलीला तुझ्या आईच्या जुन्या साडीचा लाल धागा बांध. हातात बंदूक आली की आधी गज सोडायचा आणि खूण बघायची — नळी भरलेली आहे की रिकामी, हे ठासणीची बंदूक तोंडानं सांगत नाही, गजानं सांगते.

हे मला कसं कळलं, ते ऐक. धसईकडच्या आपल्या वरच्या तुकड्यात भात पोटरीला आलं होतं, मी माळ्यावर बसून बार भरत होतो. तेवढ्यात खालून कोणीतरी जेवायला हाक मारली. उतरलो, नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण खाल्लं, दोन विड्या झाल्या, गप्पा झाल्या. पुन्हा वर चढलो आणि बार भरायचा राहिलाय असं समजून दुसरा भरला, पहिल्यावर. रात्री डुकरांना हुसकावायला हवेत बार काढला, तेव्हा दस्ता मधोमध फुटला, गालाला चटका बसला, आणि उजव्या कानात त्या दिवसापासून रातकिडा बसलाय. तो अजून गेला नाही. नळी टिकली ही तुझ्या आजीची पुण्याई. त्या रात्री आजोबा रागावले नाहीत, फक्त म्हणाले, 'भाकरीनं बार विसरला, गजानं लक्षात ठेवला असता.' दुसऱ्या दिवशी त्यांनीच चाकू हातात दिला.

१३. भरताना कोणाशी बोलू नकोस, विडी नको, मोबाईल खिशात. हाक आली तर 'आलो' एवढंच म्हण आणि भरणं पूर्ण कर — अर्ध्यावर सोडलेलं काम परत आल्यावर पुरं झाल्यासारखं दिसतं.

१४. केप शेवटी, बार काढायच्या वेळी. माळ्यावर चढताना, उतरताना, बांध ओलांडताना केप काढलेली हवी — घोडा फांदीला अडकतो, आणि फांदीला मागचापुढचा कळत नाही.

१५. केप फुटली आणि बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या जागेकडं धरून तसाच उभा राहा, मनात साठापर्यंत मोज. नळीत डोकावायचं नाही, वर वाकून गज घालायचा नाही — दारू कधीकधी पावणी बाई असते, उशिरा येते पण येते. तरीही उडाला नाही तर परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडं ने. खिळ्यानं उकरायचा शहाणपणा नको.

१६. भरलेली बंदूक कोपऱ्यात ठेवायची नाही, एका रात्रीपुरतीही नाही. पोरं घरात आली की तिला कुलूप लाव आणि किल्ली करगोट्याला — भरलेली बंदूक आणि उतू जाणारं दूध, दोघांना एकटं सोडू नये.

१७. बार काढल्यावर त्याच रात्री नळी गरम पाण्यानं धू, कोरडी कर, तेलाचा बोळा फिरव — जळक्या दारूची राख ओल ओढते, आणि आपल्या पावसात आठवड्यात गंज धरते. झोप आली तरी धू. झोप रोज येते, नळी रोज येत नाही.

१८. अंधारात हललेल्या झुडपावर कधीही नेम धरायचा नाही. २०२५ च्या जानेवारीअखेर शेजारच्या पालघरात, मनोरच्या रानात, डुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच माणसाला डुक्कर समजून गोळी घातली — रात्रीचं डुक्कर सकाळी शेजारी निघतं. आपल्याला बार हवेतला पुरतो. आवाजानं कळप उठतो, आणि आपलं भांडण डुकराच्या येण्याशी आहे, जगण्याशी नाही.

१९. हळदीत, जत्रेत, सरपंच निवडून आल्यावर बंदूक घरीच. आनंदाच्या बारालाही २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही — वरातीला बेंजो भाड्यानं मिळतो.

२०. डुक्कर फारच माजलं तर वनक्षेत्रपालांकडं लेखी अर्ज कर, आणि लेखी परवानगी हातात आल्याशिवाय काही करू नकोस. तोंडी 'बघू, करा' चालत नाही. मेलेलं जनावर खात्याच्या ताब्यात द्यायचं — मटणाचा वास सगळ्या पाड्याला येतो, आणि पाड्यातला एक तरी तुझ्यावर रुसलेला असतोच.

२१. भात लोळवलं असेल तर आधी फोटो काढ, मग लोंब्या उचल. वन खात्याचा नंबर १९२६. पंचनामा होतो, भरपाई मिळते — उशिरा का होईना, पण पुरावा नसला तर उशिराही मिळत नाही.

२२. कुंपणाच्या तारेत वीज सोडायची नाही. शेजारी सोडत असेल तर वायरमनला सांग, वैर झालं तरी सांग — ती तार डुकराच्या आधी पहाटे पाणी बघायला निघालेल्या माणसाला सापडते. मी तिरडीला खांदा दिलाय, त्याहून जास्त लिहीत नाही.

२३. बांधावर पिठाचा किंवा चरबीचा गोळा पडलेला दिसला, तर उचलू नकोस, लाथ मारू नकोस, कुत्र्याला आवर, आणि ठाण्यात फोन कर — डुकरासाठी पेरलेला गावठी बॉम्ब असू शकतो. आपली कपिला गाय त्यानंच गेली, तू तेव्हा पाळण्यात होतास.

२४. आणि खरं सांगू? माझ्या तुकड्यात गेली काही वर्षं बारापेक्षा मामीच्या जुन्या साड्यांनी जास्त काम केलंय. भाताच्या कडेनं साड्या बांधल्या, मध्ये रिकामे डबे टांगले, रात्री माळ्यावरून एक दोरी ओढली की सगळं शेत खडखडतं — डुक्कर रंगाला भितं की आवाजाला, ते त्यालाच ठाऊक. मामीला मात्र वाटतं, ते तिच्याच साड्यांना भितं.

दारू मोजायचं आजोबांचं पितळी माप माझ्याकडंच राहिलंय, ओल्या फडक्यानं पुसून ठेवलंय. म्हशाच्या जत्रेला येशील तेव्हा घेऊन जा, घोंगडीही बघू. आणि बंदूक ठाण्यातून सुटली की आधी मला कळव. चाकू घेऊन येतो, गजावरच्या खुणा आपण दोघं मिळून करू.