मार्क ट्वेन ह्यांची ऋणमुक्ति

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आमच्या घरोघरीं लहानपणापासून कानीं पडते. परंतु पाय एकदां अंथरुणाबाहेर गेल्यावर मनुष्यानें काय करावें, हें ती म्हण सांगत नाहीं. आजारपणानें, धंदा बुडाल्यानें अथवा स्वतःच्या चुकीनें ज्या घरांत कर्ज शिरलें आहे, तेथील मुलांस व वडीलधाऱ्यांस उपयोगी पडेल असें एक चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

‘टॉम सॉयर’चे कर्ते मार्क ट्वेन आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेतच. त्यांचें खरें नांव सॅम्युएल क्लेमेन्स. ते अमेरिकेंतील मिसूरी संस्थानांत १८३५ सालीं जन्मले. वडील वारल्यावर लहान वयांतच त्यांस छापखान्यांत उमेदवारी करावी लागली. त्या काळीं मजकुराचा एकेक खिळा हातानें जुळवावा लागे. ते कष्ट स्वतः अनुभविल्यामुळेंच, पुढें पेज नांवाच्या कारागिरानें खिळे जुळविण्याचें यंत्र काढिलें तेव्हां ट्वेन त्यावर भाळले. यंत्र विलक्षण होतें. त्यांत सुमारें १८,००० भाग होते. परंतु तें वारंवार बिघडे. ‘आणखी थोडा पैसा घातला कीं झालें’ ह्या आशेवर ट्वेन ह्यांनीं वर्षानुवर्षें आपली व पत्नीची संपत्ति त्यांत ओतली. इकडे मर्गेनथेलर ह्यांचें लायनोटाइप यंत्र भरंवशाचें ठरून छापखान्यांत शिरलें.

ट्वेन ह्यांची स्वतःची प्रकाशनसंस्थाही होती. जनरल ग्रँट ह्यांच्या आत्मचरित्रानें १८८५ नंतर तिला अपार पैसा मिळाला. परंतु ती भरभराट टिकली नाहीं. १८९३ सालीं अमेरिकेंत मोठी मंदी आली, आणि एप्रिल १८९४ मध्यें त्या संस्थेचें दिवाळें वाजलें. अंगावर सुमारें एक लक्ष डॉलरांचें देणें, आणि वय अठ्ठावन्न!

दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेऊन, असेल तें देऊन मोकळें होणें त्यांस शक्य होतें. पण पत्नी ऑलिव्हिया ह्यांचा आग्रह असा कीं, पै न् पै फेडिली पाहिजे. ट्वेन ह्यांचेंही मत तेंच झालें. १८९५ च्या ऑगस्टांत त्यांनीं वर्तमानपत्रांतून आपला हा निश्चय उघडपणें जाहीर केला. हेन्री रॉजर्स नांवाच्या व्यवहारकुशल मित्राच्या हातीं त्यांनीं सर्व हिशेब सोंपविला. रॉजर्स ह्यांनीं पुस्तकांचे हक्क सावकारांच्या हातीं जाऊं दिले नाहींत. कारण दुभती गाय विकून देणें फेडलें, तर पुढें दूध कोठून येणार?

मग ट्वेन पत्नी व क्लारा नांवाच्या मुलीस घेऊन जगभर व्याख्यानें देण्यास निघाले. सूझी व जीन ह्या दोघी मुली मागें राहिल्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व सिलोन करून जानेवारी १८९६ मध्यें ते मुंबईस आले व वॉटसन हॉटेलांत उतरले. काळा घोड्याजवळील ती इमारत पुढें एस्प्लनेड मॅन्शन ह्या नांवानें ओळखिली जाऊं लागली. तेथें खोकल्यानें त्यांनीं अंथरूण धरिलें. तरी बरें वाटतांच ते व्याख्यानास उभे राहिले. पुढें पुणें व बडोदें येथेंही ते गेले. आमच्या धीट कावळ्यांचें त्यांनीं केलेलें विनोदी वर्णन वाचून हसूं येतें. परंतु तें लिहिणारा मनुष्य कर्जाचें ओझें वाहत फिरत होता, हें आम्हांस सहसा आठवत नाहीं.

प्रवास संपवून ते इंग्लंडास पोहोंचले, तोंच सूझी आजारी असल्याची बातमी आली. आई व बहीण तिच्याकडे जहाजानें निघाल्या; त्या समुद्रावर असतांनाच, १८ ऑगस्ट १८९६ रोजीं, ती चोवीस वर्षांची मुलगी वारली. ही वार्ता ट्वेन ह्यांस इंग्लंडांत एकट्यास ऐकावी लागली. त्याच दुःखांत त्यांनीं लंडनमध्यें बसून प्रवासवर्णन लिहिलें. तें १८९७ सालीं निघालें, आणि १८९८ च्या आरंभीं सर्व देणें फिटलें.

ट्वेन सर्वज्ञ नव्हते. नव्या धंद्यांत पैसा घालण्याचा मोह त्यांस पुढेंही सुटला नाहीं. तथापि संकटांत त्यांनीं तीन गोष्टी नीट केल्या. कर्ज लपविलें नाहीं. थैली आपल्याहून शहाण्या हातीं दिली. आणि नवा जुगार न खेळतां, जी विद्या अंगीं होती तिच्यावरच कमाई केली.

पालकांस आमची विनंति आहे कीं, घरांत ओढ असेल तर ती मुलांस समजेल अशा शब्दांत सांगावी. ऋण काढून सण केल्यानें मुलांचें सुख वाढत नाहीं. आणि विद्यार्थिमित्रांनो, ‘यंदा नवे कपडे नाहींत’ असें वडिलांनीं म्हटलें, तर तोंड फिरवूं नका. कर्ज फेडणारा मनुष्य पैशाखेरीज आणखीही बरेंच कांहीं देत असतो. त्याच्या घरच्यांनीं त्याच्या शेजारीं उभें राहावें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.