केवडा आणि त्याची आधारमुळे

कोकणात खाडीकाठी व ओढ्यांच्या कडेला केवड्याची बने आढळतात. केवडा हा पँडॅनेसी म्हणजेच केतकी कुलातील, एकदलिकित वनस्पती होय. आंबा-फणसाप्रमाणे त्याचे खोड वर्षानुवर्षे जाड होत जात नाही. त्यामुळे शेंड्याचा भार पेलण्यासाठी खोडातून जाड आधारमुळे तिरपी निघून जमिनीत शिरतात. भुसभुशीत वाळूत झाड उभे राहते ते त्यांच्याच बळावर. पाने मळसूत्राप्रमाणे तीन रांगांत फिरत वर चढतात. त्यांच्या कडांवर व मध्यशिरेवर काटे असतात. बनात शिरताना नागाची भीती वाटते ती त्यानंतर!

या कुलात नर व मादी झाडे वेगळी असतात. बाजारात येणारे सुगंधी कणीस नर झाडाचे. ओडिशातील गंजाम जिल्ह्यात अत्तर काढतात तेही त्याचेच. मादी झाडाला अननसासारखे दिसणारे फळ धरते. हौसेने लावलेल्या केवड्याला कणीस येत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. अनेकदा ते झाड मादी असते. बियांपासून केलेल्या रोपाचे लिंग फुलोरा येईपर्यंत ओळखता येत नाही. यास्तव ग्रामपंचायतीने लागवड करताना कणीस प्रत्यक्ष पाहिलेल्या झाडाचेच फुटवे आणावेत. केवळ काठाची माती धरून ठेवावयाची असेल, तर मात्र कोणतेही झाड चालेल. आधारमुळे दोघांनाही फुटतात.