चोहोबाजूंचे संगीत कसे पारखावे?

डोळे मिटून खुर्चीवर बसा आणि मित्राला आसपास कोठेही चुटकी वाजवायला सांगा. ती डावीकडे वाजली की उजवीकडे, हे तुम्ही बिनचूक सांगाल. आता त्याने कधी नाकाच्या समोर, तर कधी डोक्याच्या बरोबर मागे चुटकी वाजवावी. तुम्ही मान मात्र हलवायची नाही. आता तुमच्या चुका होऊ लागतील!

असे का व्हावे? आवाज सरळ डावीकडून आला, तर उजव्या कानापर्यंत पोचण्यास त्याला डोक्याला वळसा घालून सुमारे २३ सेंटिमीटर जास्त जावे लागते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. म्हणजे उशीर झाला सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. समोरचा व मागचा आवाज मात्र दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो. तेथे कानाच्या पाळीच्या घड्या आणि मानेची हालचाल यांवरच भिस्त.

आता एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. पिंक फ्लॉइड या इंग्रज रॉक वाद्यवृंदाची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही ध्वनिमुद्रिका १९७३ साली निघाली. तीतील 'टाइम' या गाण्याच्या आरंभी अनेक घड्याळे एकदम ठणठणतात. ध्वनिमुद्रणतज्ज्ञ ॲलन पार्सन्स यांनी ती जुन्या घड्याळांच्या दुकानात मुद्रित केली होती, तीही चार स्पीकरच्या पद्धतीचे प्रात्यक्षिक म्हणून. पुढे २००३ साली जेम्स गथ्री यांनी केलेले ५.१ मिश्रण प्रसिद्ध झाले. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळा. प्रमाण मांडणीत एक स्पीकर समोर मध्यभागी, दोन त्याच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर आणि दोन ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे असतात.

असे मिश्रण ऐकताना पहिला प्रश्न हा विचारा: आवाज एखाद्या स्पीकरमधूनच येतो आहे, की दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेतून? समोरच्या दोन स्पीकरांतून सारखाच आवाज सोडला, की गायक मधोमध उभा असल्याचा भास होतो. हीच युक्ती कुशीला चालत नाही. घरी साधे दोन स्पीकर असतील तर पडताळून पाहा. त्यांच्यासमोर बसा, गायक मध्ये आहे ना याची खात्री करा, मग खुर्ची काटकोनात वळवा. गायकाची जागा डळमळते! कारण आता दोन्ही स्पीकर एकाच कानाच्या बाजूला आले. एकेका स्पीकरमधून वाजणारे घड्याळ म्हणूनच ठसठशीत ऐकू येते; पण पुढच्या आणि मागच्या स्पीकरांच्या मध्ये टांगलेला मुख्य गायकाचा आवाज मला तरी दोषच वाटतो. गिटार उगाच पाठीमागून वाजवण्याची गंमतही चार दिवसांचीच.

परंतु मिश्रणाला नावे ठेवण्यापूर्वी आपली खुर्ची तपासा. एक स्पीकर १ मीटर जवळ असला, तर त्याचा आवाज सुमारे ३ मिलिसेकंद आधी पोचतो, आणि कान आधी आलेल्या आवाजाच्या मागे धावतो. शिवाय दोन मिश्रणांची तुलना करायची तर दोन्ही सारख्याच मोठ्या आवाजात लावा. किंचित मोठे वाजणारे नेहमीच सरस भासते.

खर्जाची तर निराळीच तऱ्हा. ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर. खोली तिच्या निम्मी, म्हणजे साडेतीन मीटर लांब असेल, तर त्या लांबीत स्थायी तरंग तयार होतो. भिंतीपाशी तो स्वर घुमतो आणि बरोबर मध्ये बसलेल्याला फार क्षीण ऐकू येतो. तेव्हा ढोल पोकळ वाटला, तर खुर्ची अर्धा मीटर मागे सरकवा आणि तेच गाणे पुन्हा लावा.