पाऊस, थांबलेले काम आणि मजुरी

जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणात व घाटमाथ्यावर बांधकामाचा दिवस पुरा होईलच, याची शाश्वती नसते. मजूर सकाळी आठला कामावर येतात. अकराला मुसळधार पाऊस सुरू होतो. मुकादम काम बंद करतो. संध्याकाळी प्रश्न उभा राहतो : रोज पूर्ण मिळणार की अर्धा?

याचे उत्तर कायद्यात आहे. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाच्या कलम १५ मधील तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेच्या कलम १० मध्ये कायम ठेवण्यात आले. ज्याचे किमान वेतन दिवसावर ठरले आहे, अशा कामगाराने कमी तास काम केले, तरी त्यास पूर्ण दिवसाचे वेतन मिळावे. अपवाद दोनच : कामगाराची स्वतःची अनिच्छा आणि नियमांनी विहित केलेली परिस्थिती. पाऊस ही कामगाराची अनिच्छा नव्हे.

मात्र, त्या दिवशी काही काम केलेल्यासच हे संरक्षण आहे. काम सुरू होण्यापूर्वीच परत पाठविलेल्या मजुरास त्याचा सरळ आधार मिळत नाही. फ्रान्समध्ये १९४६ च्या कायद्याने वेगळा मार्ग काढला. तेथे हवामानामुळे बुडालेल्या तासांची भरपाई बांधकाम मालक देतो व मालकांच्या सामाईक निधीतून त्यास परतावा मिळतो.

आपल्याकडे पहिला आधार हजेरीपटाचाच होय. काम सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ आणि थांबण्याचे कारण त्यात त्याच दिवशी नोंदविले जाणे अगत्याचे आहे. नोंद नसेल, तर हक्क असूनही तो सिद्ध करणे मजुरास कठीण जाते.