जुन्या संगणकासाठी नवा एसएमपीएस : निवड कशी करावी?

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा शाळेत पंधरा-वीस वर्षे काम केलेला डेस्कटॉप संगणक एके दिवशी बटण दाबूनही सुरू होत नाही. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही. संगणक निकामी झाला असे समजून तो भंगारात काढण्याकडे अशा वेळी कल असतो. त्याच्याबरोबर डिस्कवरील नोंदी, हजेरीपट आणि गुणपत्रकेही जातात. वास्तविक पुष्कळदा दोष असतो तो वीज पुरविणाऱ्या एका भागात. बाजारात त्यास ‘एसएमपीएस’ म्हणतात. हा भाग बदलता येतो; मात्र तो चुकीचा निवडल्यास चांगला असलेला मदरबोर्ड व डिस्क यांनाही धोका पोहोचतो.

एसएमपीएसचे कार्य

भिंतीवरील सॉकेटमधून 230 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह येतो. संगणकाच्या भागांना मात्र 12, 5 आणि 3.3 व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. हे रूपांतर एसएमपीएस करतो. म्हणून नवा भाग घेण्यापूर्वी सॉकेट, यूपीएस आणि वायर तपासून पाहावी. त्या ठीक असतील तरच एसएमपीएसवर संशय घ्यावा. संगणक मध्येच आपोआप बंद होणे वा जळका वास येणे, हीही त्याच्या बिघाडाची लक्षणे होत.

केवळ वॅटचा आकडा पुरेसा नाही

दुकानात पहिला प्रश्न ‘किती वॅटचा हवा?’ असा विचारला जातो. साधा जुना संगणक एकूण 150 वॅटच्या आसपासच वीज घेतो. त्यामुळे खऱ्या क्षमतेचा 300 वॅटचा एसएमपीएस त्यास बहुधा पुरतो. पण ती वीज कोणत्या व्होल्टवर मिळते, हे अधिक महत्त्वाचे आहे. पेंटियम थ्रीच्या काळातील संगणकांत प्रोसेसरची वीज बहुधा 5 व्होल्टवरून घेतली जाई. पेंटियम फोरपासून, म्हणजे 2000 सालानंतर, हा भार 12 व्होल्टवर गेला. आजचे एसएमपीएस 12 व्होल्टवर सशक्त असतात, 5 व्होल्टवर त्या मानाने दुबळे. म्हणून मोठा आकडा पाहून घेतलेला नवा भागही जुन्या मदरबोर्डला अपुरा पडू शकतो.

यावर उपाय सोपा आहे. जुन्या एसएमपीएसवरील लेबल पाहावे. त्यावर प्रत्येक व्होल्टपुढे अँपिअर दिलेले असतात. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट मिळतात. उदाहरणार्थ, 12 व्होल्ट व 14 अँपिअर म्हणजे 168 वॅट. नव्या भागाचे अँपिअर कोणत्याही ओळीत जुन्यापेक्षा कमी नसावेत. ते जास्त असल्यास हरकत नाही, कारण संगणक गरजेपुरताच प्रवाह घेतो. व्होल्ट मात्र तेच असले पाहिजेत.

जोड व आकार

‘एटीएक्स’ ही पद्धत 1995 साली आली. आरंभी तिच्या मुख्य जोडात 20 पिना होत्या, पुढे 24 झाल्या. ‘20+4’ प्रकारच्या जोडातील चार पिना वेगळ्या करता येत असल्याने तो दोन्हींस चालतो. पेंटियम फोरसाठी 12 व्होल्टचा चार पिनांचा वेगळा जोडही लागतो. डिस्क जुन्या चार पिनांच्या जोडाची आहे की चपट्या साटा जोडाची, हेही पाहावे. काही कंपन्यांनी जोड सारखा दिसणारा, पण तारांचा क्रम निराळा ठेवला होता. अशा संगणकास बाजारातील सामान्य भाग लावू नये. छोट्या कॅबिनेटमध्ये मोठा एसएमपीएस बसत नाही. म्हणून जुना भागच सोबत घेऊन दुकानात जाणे उत्तम.

दक्षता

काही एसएमपीएसच्या पाठीमागे 115 आणि 230 असे दोन आकडे असलेले बटण असते. ते 230 वरच असावे. 115 वर राहिल्यास वीज देताच भाग जळतो. सॉकेटची तिसरी पिन अर्थिंगला जोडलेली आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. अर्थिंग नसल्यास कॅबिनेटला हात लागताच झटका बसू शकतो. एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नये. आतील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही 300 व्होल्टहून अधिक दाब काही काळ शिल्लक राहू शकतो. शाळेत हे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ नये.

एसएमपीएस बंद पडला म्हणजे डिस्कवरील नोंदी पुसल्या गेल्या असे नव्हे. त्या बहुधा जशाच्या तशा असतात. नवा भाग बसवून संगणक सुरू झाला की, इतर कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी त्या नोंदींची दुसऱ्या ठिकाणी प्रत करून ठेवावी. दुरुस्त झालेला जुना संगणक आणखी किती दिवस साथ देईल याची शाश्वती नसते. गावाच्या नोंदी मात्र टिकल्याच पाहिजेत.