सेन्सर बदलण्याआधी मल्टीमीटर!

मित्रांनो, फर्स्ट इयरला लॅबमध्ये आपण सगळ्यांनी पोटेन्शियोमीटर फिरवला आणि जर्नल सबमिट करून विसरलो. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या थ्रॉटल बॉडीवर तोच 'थ्रॉटल पोझिशन सेन्सर' म्हणून बसलेला असतो. थ्रॉटल किती उघडलाय, हे तो ईसीयूला व्होल्टेजमध्ये सांगतो.

माझा चुलतभाऊ टेक्सासला शिकतो. तिकडे पिकअपलाही ट्रकच म्हणतात. त्याचा १९९७ सालचा सेकंडहँड ट्रक सिग्नलवरून निघताना झटके मारायचा. स्कॅनरवर कोड आला पी०१२३, म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज जास्त. गॅरेजवाला म्हणाला, सेन्सर बदला. मी व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "दादा, आधी मोजू या."

मोजायचं असं. इग्निशन ऑन, इंजिन बंद. सेन्सरला तीन वायरी असतात : रेफरन्स, सिग्नल आणि ग्राउंड. कोणती कुठली, ते मॅन्युअलमध्ये बघा. कनेक्टर काढून रेफरन्स आणि ग्राउंडमध्ये मोजा. साधारण ५ व्होल्ट हवेत. मग कनेक्टर लावून सिग्नलच्या वायरीला मागून पिन लावा. थ्रॉटल बंद असताना साधारण ०.५ ते १ व्होल्ट. हाताने सावकाश उघडला की न अडखळता ४.५ च्या आसपास. मध्येच आकडा कोसळला किंवा उडाला, तर आतला ट्रॅक झिजलाय. काटेवाला मीटर असेल तर उत्तम, क्षणभराचा झटकाही दिसतो.

दादाकडे रेफरन्स आणि ग्राउंडमध्ये ५ व्होल्ट येतच नव्हते. पण रेफरन्स ते बॅटरीचं निगेटिव्ह, बरोबर ५! म्हणजे ग्राउंडची वायर तुटलेली. ग्राउंड गेलं की सिग्नल थेट ५ व्होल्टकडे सरकतो आणि आळ बिचाऱ्या सेन्सरवर येतो. वायर जोडली, काम झालं. नवा सेन्सर लावूनही झटके तसेच राहिले असते.

सेन्सर खरंच गेला असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढा, कनेक्टरचं लॉक जपून सोडवा (जुनं प्लास्टिक पटकन तुटतं) आणि स्क्रू काढा. नवा सेन्सर शाफ्टवर नीट बसवा. स्क्रूची भोकं लांबट असतील तर मॅन्युअलमधल्या व्होल्टेजवर सेट करून मगच आवळा. शेवटी थ्रॉटल पूर्ण उघडून सोडा; तो स्वतःहून बंद झालाच पाहिजे. अडकला तर गाडी रस्त्यावर काढू नका.

आता व्हायव्हात कोणी विचारलं, "पोटेन्शियोमीटरचा उपयोग काय?" तर गप्प बसायचं नाही!